परसातला टर्फ : खालचं काम आधी बघा

टर्फ म्हणजे नकली गवताचे रोल थेट मातीवर अंथरून कडेनं खिळे मारले की झालं असं कुणी सांगितलं, तर ते बेळगावच्या खानापूर साईडला तरी नका करू ओ, जुलैत पाऊस लागला की खाली चिखल होऊन सगळं वर-खाली होतंय. माती उकरून खडी, वर क्रशरची बारीक कच, पाणी मारून रोलर, आणि शंभर फुटाला एक फूट तरी उतार. अथणीकडच्या काळ्या मातीत तर खडीखाली जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) हवंच, ती माती उन्हाळ्यात भेगाळते नि पावसात फुगते. सगळ्या रोलची पाती एकाच दिशेला ठेवा, नाहीतर पट्टे दिसतात (दुकानदार हे सांगत नाहीत). पात्यांमध्ये भरायला धुतलेली सिलिका वाळूच घ्या, मातकट वाळूनं पाणी तुंबतंय. आणि एप्रिलच्या दुपारी पोरांना अनवाणी सोडू नका, जाम तापतंय ते.