बाल्कनी केबिन उधळपट्टी? आणि टिप काढून टाकायची?

तलावपाळी

परवा ‘घोडबंदरकर’ यांनी इथे ठासून लिहिलं की क्रूझवर बाल्कनीची केबिन घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. सगळ्यात स्वस्त आतली, बिनखिडकीची खोली घ्या, आणि बोटीवर चढल्या चढल्या रिसेप्शनला जाऊन कंपनीने आपल्या खात्यावर आपोआप लावलेली टिप काढून टाका. त्याखाली ‘उपयुक्त माहिती, धन्यवाद’ची रांग बघून माझं डोकं फिरलं. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढते.

आम्ही दोघांनी तीन क्रूझ केल्या: मुंबई-गोवा दोन रात्री, बार्सिलोनाहून भूमध्य समुद्रात सात रात्री आणि व्हँकूव्हरहून अलास्का. आमचे हे सत्तरीचे, दोन्ही गुडघे बदललेले. अलास्कात ग्लेशियर बे नावाची जागा आहे, तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ सोडतात. आमची बोट सकाळी आत शिरली तेव्हा वरच्या डेकवर कठड्याला माणसांच्या तीन-तीन रांगा होत्या आणि वारा हाडात शिरत होता. हे कानटोपी घालून, पायांवर ब्लँकेट घेऊन आमच्या बाल्कनीत बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. बर्फाचा कडा आधी कोसळताना दिसतो आणि गडगडाट मागाहून येतो, हे त्यांनीच मला हात धरून दाखवलं. आतल्या खोलीत असतो तर ते अर्ध्या तासात गुडघे धरून खाली आले असते.

दुसरं म्हणजे, स्वस्त केबिन म्हणून नुसता आकडा बघू नका, जागा बघा. बोट पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त वर-खाली होते, मध्यभागी खालच्या डेकवर सगळ्यात कमी. ‘गॅरंटी’ दरात कंपनी देईल ती खोली घ्यावी लागते. ती नाचणाऱ्या डिस्कोच्या खाली निघाली तर पहाटेपर्यंत झोप नाही.

आणि टिप काढण्याबद्दल मला इतका राग का आला ते सांगायला नको. रोज दोनदा आपली चादर नीट करणाऱ्या माणसाचा तो पैसा आहे.

घोडबंदरकर

ताई, माझं नाव घेऊन धागा काढलात म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मी काहीही ऐकीव लिहिलेलं नाही. चार क्रूझ केल्या, चारही आतल्या खोलीत. खोलीत आपण असतो किती वेळ? झोपायला आणि आंघोळीला. समुद्र डेकवरून तोच दिसतो, तोही तिन्ही बाजूंनी. काळोखी खोलीत मला जशी झोप लागली तशी घोडबंदर रोडच्या घरात वीस वर्षांत लागली नाही. बाल्कनीचा जास्तीचा पैसा मी बंदरावरच्या सहलींना वापरला. तुमच्या यजमानांची गोष्ट वेगळी, गुडघ्यांसाठी बाल्कनी घेतली असेल तर माझा आक्षेप नाही. पण तिशीतली मुलं ईएमआयवर बाल्कनी घेतात, त्यांच्यासाठी मी लिहिलं होतं.

टिपबद्दल: बहुतेक मोठ्या कंपन्या दर माणशी दर दिवशी १६ ते २० डॉलर खात्यावर आपोआप लावतात. दोघांचे सात दिवसांचे अडीचशे डॉलर होतात, म्हणजे वीस हजार रुपयांच्या वर. जाहिरातीत तो आकडा बारीक अक्षरात. पगार देणं कंपनीचं काम. माझ्या फॅक्टरीत मी कामगारांचा पगार गिऱ्हाईकाच्या मर्जीवर सोडला असता तर लेबर कोर्टात उभा राहिलो असतो. काढायची सोय त्यांनीच ठेवली आहे, मी ती वापरली. त्यात चोरी कसली?

माजी बोटवाला, नेरुळ

साहेब, मी अकरा वर्षं बोटीवर केबिन स्टुअर्ड, म्हणजे खोल्या आवरणारा होतो. माझ्याकडे अठरा केबिन असायच्या, दिवसातून दोन वेळा. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात साप्ताहिक सुट्टी हा प्रकार नाही. समुद्रावरच्या कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २००६चा, लागू झाला २०१३मध्ये, त्यात चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती लिहिलेली आहे. म्हणजे चौदा तास काम कायद्यात बसतं! टर्नअराऊंडच्या दिवशी सकाळी जुने पॅसेंजर उतरतात, दुपारी नवे चढतात, तेवढ्यात अठरा खोल्या नव्यासारख्या करायच्या.

माझ्या बोटीवर मूळ पगार थोडा, बाकी सगळं त्या टिपच्या पूलमधून, म्हणजे सगळ्यांची टिप एकत्र जमून वाटली जाते त्यातून. तुम्ही रिसेप्शनवर जाऊन काढता तेव्हा कंपनीच्या खिशातला एक डॉलर कमी होत नाही. कमी होतो माझ्यासारख्याच्या, लाँड्रीतल्या पोराच्या, ताटं धुणाऱ्याच्या खिशातला. कंपनीला धडा शिकवायचा तर तिचं तिकीट काढू नका. तिकीट काढायचं, पाच वेळा जेवायचं, आणि शेवटी आमचा पैसा कापायचा, हा कुठला न्याय?

आपले लोक काढतात म्हणून आपल्या केबिन मिळाल्या की पोरांचे चेहरे पडायचे. मराठी असून मला ते बघायला लागायचं. त्याची लाज मला वाटायची, तुम्हाला नाही.

घोडबंदरकर

लाज काढायचं कारण नाही. तुम्ही मला ओळखत नाही. मी केबिनवाल्या मुलाच्या हातात रोख चाळीस डॉलर दिले होते.

माजी बोटवाला, नेरुळ

चाळीस दिलेत आणि अडीचशे काढलेत. आणि पूलमधून नाव काढलेल्या पॅसेंजरची रोख रक्कम आमच्या बोटीवर जमा करावी लागायची.

कोपरीकर

तुम्ही टिपवर भांडा, पण मूळ धोका कोणी बोलत नाही: व्हिसा! आपल्याकडे निळा पासपोर्ट आहे हे एजंट विसरतात. माझ्या भावाने ग्रीसची क्रूझ बुक केली, अथेन्सजवळच्या पिरेअसहून चढून परत तिथेच. मध्ये कुशादासीला थांबा. कुशादासी तुर्कीत, तुर्की शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या बाहेर. म्हणजे एकदा बाहेर पडून परत आत यायचं. ठाण्यातल्याच एजंटने शेंगेनचा अर्ज सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच आत जाता येईल असा भरला. चेक-इनच्या काउंटरवर थांबवलं. बायको, दोन मुलं, सामान, आणि समोर बोट उभी. एजंट फोन उचलेना. साडेचार लाख गेले. अलास्कालाही तेच, व्हँकूव्हरहून चढायचं तर कॅनडा आणि अमेरिका दोन्ही व्हिसा लागतात, आणि परत कॅनडातच उतरत असाल तर एंट्री मोजून घ्या. बाल्कनी, टिप, सगळं नंतर.

तलावपाळी

कोपरीकर, हे अगदी खरं, आणि तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. त्यात माझी एक भर: बोट सुटायच्या आदल्या दिवशी त्या गावात पोहोचाच. विमान उशिरा आलं तर बोट थांबत नाही. बंदरावर स्वतःच्या टॅक्सीने फिरायला गेलात आणि उशीर झाला तरी थांबत नाही, त्यांच्याच सहलीची बस अडकली तर थांबते. ‘रोम’ म्हणून छापतात ते बंदर चिवितावेक्किया, रोमपासून सुमारे ८० किलोमीटर. तिथे मी स्वतः घाम पुसत धावले आहे.

नौपाडा_सून

मला एवढंच विचारायचंय की सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, त्यांचं काय? इलेक्ट्रिक कुकर नेऊ का?

माजी बोटवाला, नेरुळ

ताई, कुकर, किटली, इस्त्री काहीही नेऊ नका. सामान तपासताना काढून घेतात, आगीची भीती असते, उतरताना परत देतात. बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, आणि पहिल्याच रात्री डायनिंग रूममधल्या हेडवेटरला भेटा. उद्याचं जेवण आज सांगितलं तर भारतीय स्वयंपाकी वरण-भात करून देतात, आम्ही कितीतरी आज्यांना दिलाय. कोरडा खाऊ चालतो. फळं मात्र बोटीतून उतरवून बंदरावर नेऊ नका, बऱ्याच देशांत दंड आहे. आणि जेवायच्या आधी हात साबणानेच धुवा. जुलाब-उलट्यांची जी साथ बोटीवर पसरते त्या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

रेवसचा नातू, खारघर

मी क्रूझ एकच केली. पण एक गोष्ट इथे कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. बोट सुटायच्या आधी आपत्कालीन सराव असतो. हल्ली फोनवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची, एवढंच. आमच्या ग्रुपमधले लोक बुफेत बसून राहिले. नावं पुकारली तरी उठेनात.

१७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली ती पोहोचली नाही. ६००हून जास्त माणसं गेली. माझ्या आजीचा थोरला भाऊ त्यात होता. आजी मरेपर्यंत लाँचमध्ये बसली नाही, अलिबागला जायचं तर एसटीने. २०१२मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्ता कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट कलंडली, ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सराव अजून व्हायचा होता. त्यानंतर नियम बदलला आणि सराव सुटायच्या आधी किंवा सुटताच घेणं बंधनकारक झालं. लाइफजॅकेट कुठे आहे आणि आपली जागा कोणत्या डेकवर, हे बघायला दहा मिनिटं लागतात. तेवढी द्या.

घोडबंदरकर

नातूसाहेब, यावर दुमत नाही. आमच्या आईकडचे रोह्याचे, रामदासची गोष्ट घरात ऐकलेली आहे.

तलावपाळी

मग टिपचं काय, घोडबंदरकर? विषय बदलू नका.

घोडबंदरकर

बदलत नाही. दोन दिवस विचार केला. अडीचशे काढले की ते कंपनीचे जात नाहीत, पूलमधून जातात, हे मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं. पण माझा मुद्दा मी सोडणार नाही: हा पैसा तिकिटातच धरला पाहिजे. सिल्व्हरसी, सीबर्न, रीजंट अशा महागड्या बोटींवर टिप भाड्यातच असते. तिथे जमतं तर इथे का नाही?

माजी बोटवाला, नेरुळ

हे मात्र बरोबर बोललात. आम्हीही आत हेच म्हणायचो. पक्का पगार मिळाला असता तर दर रविवारी रिसेप्शनकडून आलेल्या यादीत टिप कोणी काढली हे बघायची वेळ आली नसती. परवाची माझी भाषा जरा जास्त झाली. पण कंपनी बदलेपर्यंत काढू नका, एवढंच.

तलावपाळी

मीही एक मान्य करते. मुंबई-गोवा दोन रात्रींना आम्ही बाल्कनी घेतली होती, त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यातली एक रात्र अंधारच होता. तिथे आतली खोली घ्या. आणि खिडकीची केबिन घेताना डेकचा नकाशा उघडून बघा, काही खिडक्यांसमोर लाइफबोट टांगलेली असते.

घोडबंदरकर

मे महिन्यात सिंगापूरहून चार रात्रींचं बुकिंग आहे. काल संध्याकाळी टिप आगाऊ भरून टाकली, दोघांचीही. माझ्या जुन्या धाग्यातलं ते वाक्यही खोडलं आहे. केबिन आतलीच आहे, सहावा डेक, मध्यभागी.