मदत हवी आहे : उन्हाळ्यात बाबांचं मन कशात रमवावं?

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. कापूस वेचून झाला, तूर निघाली की बाबांचे हात रिकामे होतात आणि ते गप्प-गप्प राहतात. होळीआधी नातवंडांना घेऊन पळसाची फुलं आणली, रात्रभर भिजवून केशरी रंग केला, तेव्हा स्वारी मस्त खुलली होती. (आईच्या पातळाचं काय झालं, ते विचारू नका.) पण आता पारा ४५ कडे चालला. दहानंतर अंगणात पाय ठेववत नाही. टीव्ही त्यांना नको, कुरडयांच्या पसाऱ्यात बायका जवळ येऊ देत नाहीत! सावलीत बसून काय करता येईल? दोर वळणं, भाज्यांचं बी निवडून राखेत ठेवणं, एवढंच सुचलं. तुमच्याकडची म्हातारी माणसं काय करतात, सांगा न जी.