पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ... लक्षात कसं ठेवायचं?

प्रश्न: इंग्रजीत पुट म्हणजे ठेवणे हे कळतं हो, पण मीटिंग पुट ऑफ केली म्हणजे पुढे ढकलली, आग पुट आउट केली म्हणजे विझवली आणि पुट अप विथ म्हणजे सहन करणं, यात ठेवण्याचा संबंध कुठे आला? याद्या पाठ करते आणि बोलताना नेमकं सगळं विसरते.

उत्तर १: याद्या सोडा. आपलं ‘टाकणे’ बघा ना, करून टाक, सांगून टाक, यात कोण काय खाली टाकतं? तसंच आहे हे, अख्खा तुकडा एकच क्रियापद समजायचा.

उत्तर २: एक महत्त्वाचं राहिलं. ‘टर्न ऑफ द लाइट’ (दिवा बंद कर) चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ पण चालतं, पण इट आलं की ते मध्येच बसतं, ‘टर्न इट ऑफ’, ‘टर्न ऑफ इट’ नाही. मी कित्येक वर्षं हेच चुकत होतो. लुक आफ्टर (काळजी घेणे) मात्र तुटत नाही, ‘लुक आफ्टर हिम’च.

प्रश्नकर्ती: ‘करून टाक’ एकदम पटलं! आता रोज एकच घेते आणि त्याची माझी स्वतःची तीन वाक्यं करते.