अनुभव धागा: शुगर आणि मन

सगळा कोल्हापूर जिल्हा साखर कारखान्यांचा, आणि 'मला शुगर आहे' हे मात्र आपण कुजबुजत सांगतो. पथ्यं आणि काढे इथं नकोत, त्याला पाव्हणे आहेतच. मनाचं लिहा.

मीच सुरुवात करते. एचबीए१सी ही रक्ततपासणी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा हिशेब. तरी तपासणीआधी चारच दिवस कडक पथ्य पाळायचे. ८.९ आला. रिपोर्ट तांदळाच्या डब्यात लपवला, तो नेमका ह्यांना सापडला. "एवढं भ्यालीस व्हय आम्हाला?" म्हणाले.

रिक्षावाला, शिरोली: इन्सुलिन टोचलं, नाष्टा राहिला, भाडं लागलं. दाभोळकर कॉर्नरला हात थरथरायला लागले, घामानं भिजलो. शुगर ५८. बघणारे म्हणाले, सकाळीच टाकून आलाय. ते इतकं लागलं की वर्षभर मुद्दाम शुगर दोनशेच्या वर ठेवली. डॉक्टरांना बोललोच नाही. शेवटी बोललो, तर त्यांनी डोस बदलला. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर, १५ मिनिटं थांबून परत तपासायची. साखरेची पुडी आता रिक्षाच्या मीटरशेजारीच असते.

रंकाळा: पहाटे एक फेरी. बास. फक्त लग्नात जिलेबीवाला मला वगळून पुढं जातो, ते लई लागतं.

बारक्याची आई: पोरगा नऊ वर्षांचा, टाइप १. ह्यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारते, गोड खाण्याचा संबंध नाही. हे जाऊबाईंना किती वेळा सांगू? "लहानपणी लई गूळ चारलास." रात्री दोनला उठून त्याचं बोट टोचते. तो झोपेतच बोट पुढं करतो. ते बघवत नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन रडते, भांडी घासत.

नाव नको: महिनाभर अंथरुणातून उठवेना, शुगरच्या गोळ्याही सोडल्या. घरचे आळशी म्हणायचे. टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा १४४१६ लावला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा मीच कापला. दुसऱ्यांदा बोललो. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, नैराश्य निघालं. त्याचे उपचार सुरू झाल्यावर शुगरच्या गोळ्या घ्यायची उमेद आली.

रिक्षावाला, शिरोली: बारक्याची आई, शाळेत बाईंना तीन चमच्यांचं सांगून ठेवा.

बारक्याची आई: सांगितलंय दादा. वर्गाच्या कपाटात डबी आहे. पोरं चोरून खातात म्हणे.