मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात टोमॅटोची फुलं गळतायत, झाडं ठेवू की काढू?

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज अडले म्हणून लिहितेय.

नागपुरात चौथ्या मजल्यावर गच्ची आहे, आडोसा कसलाच नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर सहा काळ्या ग्रो बॅगांत टोमॅटोची रोपं लावली. झाडं माझ्या छातीला लागलीत, पानं हिरवीगार. फुलंही घोसाने येतात, पण टिकत नाहीत. फुलाच्या देठाला मध्ये गाठ असते ना, ती आधी पिवळी पडते, मग बोट लावलं की फूल हातात. रोज सकाळी झाडताना सुपलीत फुलंच फुलं. सहा झाडांवर मिळून अकरा फळं, तीही मार्चमध्ये धरलेली. ती लाल व्हायला तयार नाहीत, पिवळट नारिंगीवर अडलीत. दोन फळांची बुडं काळी पडून आत गेलीत.

एका व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, तर सात जणांनी सात औषधं सांगितली. इंग्रजी फेसबुक ग्रुपवाले म्हणाले, टोमॅटोला दिवसभर कडक ऊन हवं. मी इमानदारीने सगळ्या बॅगा गच्चीच्या मधोमध नेल्या. दुपारी बॅगेला हात लावला तर चटकाच बसला!

सध्या पारा ४३ वर आहे. फूलगळ थांबवणारं संजीवक (हार्मोनचं औषध) मारू का? की झाडं उपटून भेंडी लावू?

अमरावतीकर: ताई, औषध राहू द्या. ते ग्रुपवाले थंड मुलखातले असणार, त्यांचं कडक ऊन म्हणजे आपला डिसेंबर. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २४-२५ च्या वर पारा राहिला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. फळ धरतच नाही, झाड फूल टाकून देतं. आपल्याकडे रात्रीही उकाडा असतो, खरी मेख तिथे आहे. लाल रंगही ३० च्या वर नीट चढत नाही. रंग फिरायला लागला की फळ तोडून घरात ठेवा, पिकेल. बुड काळं पडतं ते बहुतेक पाण्याच्या ओढीमुळे. मातीत चुना (कॅल्शियम) असला तरी एक दिवस कोरडं, एक दिवस चिंब असं झालं की तो फळापर्यंत पोचत नाही. पाणी सकाळी लवकर, रोज सारखं द्या. युरिया देत असाल तर आधी थांबवा, नुसता पाला वाढतो.

गच्चीवाली (मूळ धागा): युरिया नाही, पण दर आठवड्याला शेणाची स्लरी देत होते. बंद करते.

फिनिक्सची वहिनी: मी मूळची वर्ध्याची, आता ॲरिझोनात. इथेही उन्हाळाभर पारा चाळिशीच्या वर. आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपं लावतो, जूनपर्यंत मिळेल ते खातो. नंतर फळाची आशा नाही, झाड फक्त जगवायचं. ५० टक्के ऊन अडवणारी सावलीची जाळी लावा, पण वरून आणि पश्चिमेकडूनच. चारी बाजूंनी गुंडाळलंत तर आत भट्टी होते. बॅगांना ओलं तरट गुंडाळा, मातीवर चार बोटं पालापाचोळा. उन्हाचा जोर ओसरला की तेच झाड पुन्हा फुलतं. चार ठेवा, दोन काढून भेंडी लावा. मात्र शेंड्याची पानं चुरगळून वर वळत असतील तर ते झाड ठेवू नका. तो पांढऱ्या माशीने आणलेला रोग, बाकीच्यांनाही धरेल.

अमरावतीकर: वहिनींचं पटतं, पण आपल्याकडे मध्ये पावसाळा आहे. गच्चीवर सततच्या पावसात जुनं झाड करप्याने जातं. मी तर जूनच्या शेवटी नवीन बी टाकतो. चेरी टोमॅटो करून बघा, उन्हात मोठ्यांपेक्षा बरा धरतो.

गच्चीवाली: जाळी आणली. तरट मिळालं नाही, म्हणून कूलरच्या मागल्या वर्षीच्या वाळ्याच्या ताट्या सोडवून बॅगांभोवती बांधल्या आणि पाणी मारलं. हात लावून बघितला, बॅग गार आहे. एका झाडाचा शेंडा मात्र चुरगळल्यासारखा दिसतोय. फोटो उद्या सकाळी टाकते, बघून सांगाल का?