शिनोळीला जॉबवर्कला जाणारा माल: मंजुरी ते आवक, फ्लो कसा मांडायचा?

उद्यमबाग_स्टोअर
बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंग (ओतीव भाग) मशीनिंगला शिनोळीला जातं, म्हणजे आपला माल बाहेरच्याकडून काम करून घेणं, तेच जॉबवर्क. आठवड्याला १५-२० चलनं (मालासोबत जाणारे कागद). पॉवर ऑटोमेटमध्ये (कामाच्या पायऱ्या आपोआप चालवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) एकच फ्लो केलाय: मागणी, साहेबांची मंजुरी, चलन, गेट पास, माल परत आला की बंद. दोन ठिकाणी अडतंय. बरेच फ्लो महिनाभरानं आपोआप फेल होतात. आणि २०० नग पाठवून १२० च आले तर फ्लो बंद करायचा की उघडा ठेवायचा?

चलन_वही
महिन्याचं कारण सरळ आहे. पॉवर ऑटोमेटमध्ये एक रन, म्हणजे फ्लोची एक फेरी, जास्तीत जास्त ३० दिवस जगतो. माल परत यायची वाट फ्लोच्या पोटात बघायचीच नाही, ती टेबलात बघायची.

चलनाच्या प्रत्येक ओळीला पाठवलेले, चांगले आलेले आणि रिजेक्ट आलेले नग, शिवाय 'स्थिती' असे रकाने ठेवा. मग तीन छोटे फ्लो. पहिला मंजुरी घेतो, चलन काढतो, स्थिती 'बाहेर' करतो आणि संपतो. दुसरा आवक नोंदली की चालतो: पाठवलेल्यातून चांगले आणि रिजेक्ट वजा करायचे, शून्य आलं तर 'बंद', नाहीतर 'अर्धवट'. तुमचे १२० इथं बसतात, उरलेल्या ८० साठी नवं चलन काढू नका. तिसरा रोज सकाळी उघडी चलनं चाळतो.

तिसऱ्याला आळस करू नका. जीएसटीत जॉबवर्कचा माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर व्याजासकट बसतो. ३०० व्या दिवशी इशारा लावा. डाय, जिग, फिक्श्चर, टूल यांना ही मुदत नाही, म्हणून 'प्रकार' हा रकाना हवाच. नाहीतर फिक्श्चरचे इशारे येत राहतात आणि माणसं सगळेच इशारे बघायचे सोडतात.

चंदगड_रोड
ई-वे बिलाची (माल वाहतुकीसाठी जीएसटीत काढायचा ऑनलाइन कागद) अट कुठं ठेवलीय? बहुतेक जण आधी रक्कम तपासतात, ५० हजारांच्या आत असेल तर बिल नाही. आपण कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. परराज्यात जॉबवर्कला माल जाताना किंमत कितीही असो, बिल लागतंच. आधी 'राज्य वेगळं का?' हे विचारा, रक्कम नंतर. गाडी नंबर म्हणजे बिलाचा भाग ब भरल्याशिवाय गेट पास निघूच नये. अंतर थोडं म्हणून सूट नाही. ऐनवेळी गाडी बदलली तर भाग ब बदलूनच गेट उघडायचं.

बाण_आणि_चौकोन
आकृती काढताना एक चूक हमखास होते. 'किंवा' नं फुटलेल्या वाटा पुढं 'आणि' नं जोडतात. एकच वाट चालू असते, जोड दुसरीची वाट बघत बसतो, फ्लो जन्मभर लटकतो. जशी फोड, तसाच जोड.

चलन क्रमांक टेबलात युनिक करा. नेट गेलं की फ्लो पुन्हा प्रयत्न करतो आणि एकाच मालाची दोन चलनं पडतात. माल आयटम कोडनंच निवडायचा. एकच कास्टिंग कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये, कुणी इंग्रजीत लिहिलं की शिल्लक जुळत नाही.

मंजुरीला ४ तासांची मुदत द्या, नंतर ती दुसऱ्याकडं जाऊ दे. सुट्ट्यांच्या याद्याही दोन ठेवा. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव म्हणून आपल्याकडं बंद, शिनोळीत काम चालू.

उद्यमबाग_स्टोअर
शिल्लक नगात धरू की किलोत? फौंड्रीचं बिल किलोवर येतं.

चलन_वही
नगात. मशीनिंगला धातू उतरतो, किलोत धराल तर शिल्लक कधीच शून्य होणार नाही. वजन वेगळ्या रकान्यात ठेवा, फ्लोच्या अटीत नको.