मदत हवी आहे: केपची 'अँजेला फान बेंगाल' आणि माझ्या नातीची वंशावळ, मधली एक पिढी जुळत नाहीये

नमस्कार मंडळी,

धागा जरा मोठा होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही म्हणून सविस्तर लिहितेय. इथे दक्षिण आफ्रिकेतले किंवा जुनं डच वाचू शकणारे कोणी असतील तर प्लीज शेवटपर्यंत वाचा.

माझा मुलगा अकरा वर्षं केपटाउनला आहे. सून तिथलीच, आफ्रिकान्स बोलणारी, तिचं माहेर स्वार्टलँडमधलं, म्हणजे केपटाउनच्या वर जो गव्हाचा पट्टा आहे तिथलं. गेल्या दिवाळीत मी दोन महिने तिकडे राहिले तेव्हा तिच्या आजीला भेटायला गेलो, त्यांना सगळे औमा म्हणतात, वय सत्याऐंशी. जेवणं झाल्यावर औमांनी कपाटातून घरचं बायबल काढलं. हे एवढं जाड, चामड्याचं कव्हर, एका बाजूची पितळी कडी तुटलेली, आणि पुढच्या कोऱ्या पानांवर घरातल्या प्रत्येक पोराचा जन्म आणि बाप्तिस्मा वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला, शाई पार तपकिरी झालेली. सगळ्यात वरची नोंद १७८६ ची, एका मुलीची. औमांनी त्या नोंदीवर बोट ठेवलं, मग बोट पानाच्या बाहेर वर नेलं आणि मला म्हणाल्या, हिच्याही वर एक बाई आहे, ती तुमच्या देशातली.

सूनही बघत राहिली. तिने हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. औमा म्हणाल्या, माझ्या आईने मला सांगितलं तेव्हाच दम दिला होता की हे बाहेर बोलायचं नाही. तो काळ आठवा, १९४९ ला तिथे गोऱ्यांच्या इतर वंशांच्या माणसांशी लग्नांवर बंदीचा कायदा आला आणि १९५० ला प्रत्येक माणसाची वंशावरून सरकारी नोंद सुरू झाली, औमा तेव्हा बारा वर्षांच्या. एखाद्या घरात आशियातली पणजी निघाली तर काय होईल या भीतीने लोकांनी अशा बायकांची नावं गिळून टाकली. औमांनी ते नाव सत्तरएक वर्षं जपून ठेवलं. अन्सेला.

परत आल्यावर मी वाचायला बसले. ही अन्सेला, म्हणजेच अँजेला, खरी आहे, तिकडच्या इतिहासात चांगली माहिती असलेली आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने यान फान रिबेकच्या हाताखाली केपला, म्हणजे आताच्या केपटाउनला, वस्ती केली १६५२ ला, आणि पाचच वर्षांनी, १६५७ ला, ही 'अँजेला फान बेंगाल' म्हणजे बंगालची अँजेला गुलाम म्हणून तिथे विकली गेली, घेणारा खुद्द रिबेक. १६६२ ला तो केप सोडून गेला तेव्हा ती आब्राहम गाब्बेमा नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे गेली, आणि १६६६ ला गाब्बेमा बटाव्हियाला, म्हणजे आताच्या जाकार्ताला, निघाला तेव्हा त्याने तिला आणि तिच्या तीन मुलांना मोकळं केलं. पुढच्याच वर्षी तिच्या स्वतःच्या नावावर वस्तीत घराची जागा झाली, १६६८ ला बाप्तिस्मा, १६६९ ला अर्नोल्डस विलेम्स बासोनशी लग्न. विकली गेल्यापासून दहा वर्षांत नावावर जमीन! मी हे वाचून त्या रात्री झोपले नाही. तिची मुलगी अ‍ॅना द कोनिंग ओलोफ बर्ग नावाच्या स्वीडिश अधिकाऱ्याची बायको झाली आणि नवऱ्याच्या मागे ग्रूट कॉन्स्टान्शियाच्या मळ्याची मालकीण होती, तोच मळा जिथे आज टुरिस्ट वाइन प्यायला जातात.

काही कागदांत तिला 'माय अन्सेला' लिहिलंय. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ काय ते तिकडचे सांगतील, मला वाचताना आपलीच माय ऐकू आली.

आता अडचण. औमांपासून १७८६ च्या त्या मुलीपर्यंत प्रत्येक पिढीला कागद आहे, बायबल आहे आणि १८३४ पासून पुढे मेलेल्या माणसांसाठी 'स्टेर्फकेनिस', म्हणजे तिकडची मृत्यूची नोंद. त्यात मयताच्या आईबापांची नावं, जन्मगाव, नवराबायको, मुलं सगळं एका पानावर असतं, आपल्याकडे असं काही असतं तर किती बरं झालं असतं. पण १७८६ च्या मुलीच्या आईचं नाव बायबलमध्ये नुसतं 'योहाना' एवढंच आहे, पुढचं आडनाव पाण्याच्या डागात गेलंय. ऑनलाइन वंशावळीत मला त्याच वयाच्या, त्याच भागातल्या दोन योहाना सापडल्या. एक अँजेलाला बासोनपासून झालेल्या गेरिटच्या वंशातली, दुसरीचा बासोन घराण्याशी काही संबंधच नाही. लोकांनी बिनधास्त पहिली जोडून टाकलीय, कारण अँजेला आपली पूर्वज निघाली तर सगळ्यांनाच आवडतं, पण पुरावा कोणी दिलेला नाही.

मला असं जोडायचं नाहीये. का ते सांगते. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, लहानपणी डच वखारीच्या पडक्या भिंतींत आम्ही लपंडाव खेळलोय, तीच ही कंपनी. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे, जाडजूड, त्यात पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे इनाम, त्यांचे तंटे सगळं आहे, आणि बायकांच्या नावांपुढे 'सासरचे नाव अमुक' एवढंच. माझ्या खापरपणजीचं माहेरचं नाव आज कोणालाच माहीत नाही. तिकडेही तेच, आफ्रिकानर घराण्यांच्या वंशावळींत ए, बी, सी अशी पिढीची अक्षरं आणि पुढे जन्मक्रमाचा आकडा असतो, म्हणजे 'बी३ सी२' म्हणजे मूळपुरुषाच्या तिसऱ्या पोराचं दुसरं पोर, फार सोयीचं आहे, पण मुलगी लग्न होऊन गेली की तिची पोरं नवऱ्याच्या घराण्यात आणि तिची ओळ तिथेच बंद. अन्सेलाच्या आईबापांचं नाव कोणी लिहिलं नाही. तिच्यापासून खाली येणारी ओळ तरी मला कागदानिशी पक्की करायचीय, आणि नसेल आपली, तर नसेल. नातीच्या वहीत खोटं नाव लिहिणार नाही.

तर विचारायचंय असं की १७८६ च्या आसपास योहाना कोणती हे ठरवायला कुठले कागद बघू, ते भारतात बसून बघता येतात का, आणि सुनेने डीएनए टेस्ट केलीय त्यात दक्षिण आशियाई दोन टक्के आलंय, तो पुरावा धरायचा का.

---

प्रतिसाद १

काकू, फार छान लिहिलंत. मी केपटाउनला सात वर्षं होतो, बायकोच्या मैत्रिणीसाठी असंच शोधलं होतं.

पहिलं, बायबल बाजूला ठेवा आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतली १७८६ ची मूळ नोंद शोधा. डच रिफॉर्म्ड चर्चच्या नोंदीत बापाचं आणि आईचं नाव असतं आणि चांगली गोष्ट म्हणजे आई बहुतेक वेळा माहेरच्या आडनावाने लिहिलेली असते. शिवाय साक्षीदार असतात, ते नीट बघा, साक्षीदार म्हणजे बहुतेक वेळा मामा, मावशी, आजी. स्वार्टलँडचं चर्च १७४५ पासून आहे, पण फक्त तिथेच शोधू नका, तेव्हा बैलगाडीने जो पाद्री जवळ पडेल किंवा जमेल तेव्हा जिथे जाणं होईल तिथे पोराचा बाप्तिस्मा व्हायचा, त्यामुळे ड्राकेनस्टाइन म्हणजे आताचं पार्ल, रोडेझांड म्हणजे आताचं टुलबाख, आणि खुद्द केपटाउन, या सगळ्या वह्या बघाव्या लागतील. बऱ्याचशा फॅमिलीसर्च नावाच्या वंशावळीच्या साइटवर स्कॅन आहेत, फुकट अकाउंट काढा. सर्चमध्ये नाव टाकून सगळं येत नाही, पानं एकेक उलटावी लागतात.

दुसरं, मुलांची नावं क्रमाने मांडा. तिकडे रीत होती, पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव, दुसरा आईच्या बापाचं, पहिली मुलगी आईच्या आईचं. योहानाची सगळी पोरं मांडलीत की तिच्या आईबापांची नावं काय असावीत याचा अंदाज येतो. नुसता अंदाज हं, पुरावा नाही.

---

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, भर एवढीच की वेसकामरच्या याद्या विसरू नका. वेसकामर म्हणजे अनाथ पोरांचा वारसा सांभाळणारं ऑफिस. कोणी मेलं की घरातल्या सामानाची खोलीवार यादी व्हायची, पलंग, तांब्याची भांडी, बैल, गुलाम (हो, माणसं पण, भांड्यांच्या खाली), आणि वर वारसांची नावं, लग्न झालेली मुलगी असेल तर कोणाशी झालं ते पण. दोन्ही योहानांच्या आईबापांची यादी मिळाली तर 'योहाना, अमक्याची बायको' ही एक ओळ तुमचा प्रश्न सोडवेल. यातल्या पुष्कळ याद्या टाइप करून ऑनलाइन ठेवल्यात. मूळ कागद केपटाउनच्या रोलँड स्ट्रीटवरच्या अभिलेखागारात.

आणि 'फान बेंगाल' नावाच्या बाया अनेक होत्या. १६५६ लाच बंगालच्या कॅथरिनाचं यान वाउटर्सशी लग्न झालंय, ती वेगळी. गुलामांना गावाचं नाव आडनावासारखं चिकटवायचे, त्यामुळे फान बेंगाल, फान मलबार दिसलं की आपलीच असं धरू नका. बंगाल म्हणजे जन्मगाव की जहाजात चढवलं ते बंदर हेही नावावरून कळत नाही. त्या काळात आराकानी आणि पोर्तुगीज चाचे बंगालच्या खाडीमुखातली गावंच्या गावं उचलून न्यायचे आणि डच ती माणसं विकत घ्यायचे.

---

प्रतिसाद ३

ताई, डीएनएबद्दल. तुम्ही सांगितलेल्या सालांवरून अँजेला सुनेच्या वर साधारण बारावी पिढी येते. प्रत्येक पिढीला निम्मं होतं, म्हणजे बाराव्या पिढीतल्या एका बाईचा वाटा ४०९६ मध्ये एक, टक्क्यात ०.०२ च्या आसपास. तो टेस्टमध्ये दिसणारच नाही, शून्यही असू शकतो. दोन टक्के एका अँजेलामुळे येऊच शकत नाहीत. याचा अर्थ सुनेच्या वंशात भारतातून नेलेली माणसं पुष्कळ असावीत, वेगवेगळ्या ओळींतून, नाहीतर एखादं बरंच अलीकडच्या पिढीतलं. १६५२ ते १८०८ मध्ये केपला साधारण ६३,००० गुलाम आणले गेले आणि त्यातला पाव हिस्सा भारतीय किनाऱ्यांवरून आलेला होता. २०२० ला ७७ आफ्रिकानर लोकांचा अभ्यास छापून आलाय, त्यात युरोपाबाहेरचा वाटा सरासरी ४.७ टक्के निघाला, दक्षिण आशिया त्यात मोठा.

आईकडून मुलीकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए असतो, तो मात्र पातळ होत नाही. पण त्याला आईची आई, तिची आई अशी अखंड बायकांची साखळी लागते. तुमची ओळ गेरिटवरून जात असेल तर तो मुलगा, साखळी तिथे तुटली. अ‍ॅनाच्या मुलींकडून असती तर उपयोग होता.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण मी आणि सून रोज रात्री व्हॉट्सॲपवर स्क्रीन शेअर करून वह्यांची पानं उलटत होतो, इकडे साडेदहा, तिकडे सात, नात मांडीवर.

डीएनएचं कळलं, तो नाद सोडला. खरं सांगू का, ते '०.०२' वाचून आधी वाईट वाटलं, मग वाटलं की इतक्या बाया असतील तर एकटी अन्सेला कशी शोधायची, बाकीच्यांची नावं तर औमांनाही माहीत नाहीत.

स्वार्टलँडच्या वहीत नव्हती. रोडेझांडला मिळाली! १७८६, मुलीचं नाव तेच, बापाचं तेच, बाप्तिस्म्याची तारीख बायबलशी जुळते. आई योहाना आणि पुढे आडनाव आहे, पूर्ण आहे, डाग नाही, पण पाद्रीबुवांचं अक्षर इतकं बारीक आणि तिरकं की पहिलं अक्षर बी आहे की एल यावर सुनेचं आणि माझं एकमत होत नाहीये. बी असेल तर बासोन असायला हरकत नाही, शेवटी 'ओन' सारखं काहीतरी आहे. मी त्याच पानावरचे बाकीचे बी आणि एल एका कागदावर गिरवून काढले, पाच बी मिळाले, त्यातले तीन पोटाला उघडे आहेत, आणि आपल्या नोंदीतलंही उघडंच आहे. म्हणून धीर आलाय, पण मला आशा आहे म्हणून मला तसंच दिसत असेल.

साक्षीदार दोन आहेत. एक बाई आहे, तिचं पहिलं नाव एल्सये एवढं वाचता येतं. वर सांगितल्याप्रमाणे योहानाची पोरं मांडली, बायबलमधली हीच तिची पहिली मुलगी आणि तिचंही नाव एल्सयेच आहे, म्हणजे रीत पाळली असेल तर साक्षीदार आजी असू शकते. आता दोन्ही योहानांपैकी कोणाच्या आईचं नाव एल्सये हे वेसकामरच्या याद्यांत शोधायला घेतलंय, पहिल्या योहानाच्या बापाची यादी मिळालीय, वारसांचं पान सून उद्या वाचून दाखवणार आहे.

तोवर कोणाला अठराव्या शतकातलं डच हस्ताक्षर वाचता येत असेल तर सांगा, मी त्या नोंदीचा फोटो आणि गिरवलेली अक्षरं दोन्ही टाकते. मी काय वाचलं ते विसरून तुम्ही स्वतंत्रपणे वाचा आणि मग सांगा.